पडल्याचं सांगायची चोरी

वाचकाचं पत्र (थोडक्यात):

माझे वडील ७८ वर्षांचे. आई गेल्यापासून सहा वर्षं आपल्या घरी एकटेच राहायचे, सगळं स्वतः करायचे. अकरा आठवड्यांपूर्वी स्टुलावर चढून बल्ब बदलताना पडले आणि उजवा खुबा मोडला. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, मग दवाखान्यातून त्यांना थेट माझ्याकडेच आणलं. आता वॉकर धरून चालतात. डोकं ठणठणीत आहे, रोज शब्दकोडं सोडवतात. आम्ही तीन भावंडं. दादा परगावी असतो. धाकटी बहीण जवळच राहते, पण तिची नोकरी आणि लहान मूल. तिघांनी फोनवर बोलून काही गोष्टी ठरवल्या: बाबांनी एकट्याने उठायचं नाही, अंघोळीला दार लावायचं नाही, रात्री मला हाक मारल्याशिवाय पाय खाली टाकायचा नाही. खोलीत कॅमेरा लावला. त्यांच्या घराची किल्ली दादाने ठेवून घेतली. दोन आठवड्यांपूर्वी बाबांचा सदरा बदलताना बरगड्यांखाली मुठीएवढा काळानिळा डाग दिसला. म्हणाले, "पलंगाचा कोपरा लागला." परवा माझ्या तेरा वर्षांच्या मुलाच्या तोंडून निघालं: आजोबा रात्री पॅसेजमध्ये पडले होते, त्यानेच उठवलं, आणि "आईला सांगू नकोस" असं आजोबांनी त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं. माझा संताप झाला. दादा म्हणतो, चोवीस तास माणूस ठेव आणि त्यांना उठूच देऊ नका. बहीण म्हणते, पॅसेजमध्येही कॅमेरा लाव. बाबांचं एकच पालुपद, "मला माझ्या घरी जाऊ द्या." त्यांना ऐकायला कसं लावू? आणि ते परत त्यांच्या घरी राहू शकतील का?
– एक थकलेली मुलगी

ताई,

रागावर नंतर येऊ. आधी उद्याचं काम. हे दुसरं पडणं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांच्या कानावर घाला. दोन आठवडे झाले, चालतायत, म्हणजे काही झालं नसेल, असं धरून चालू नका. जांघेत किंवा मांडीत नवं दुखणं, त्या पायावर भार टाकायला का-कू, पाय आखूड किंवा बाहेर वळल्यासारखा दिसणं, यातलं काहीही असलं तर त्याच दिवशी दाखवायचं. डाग बरगड्यांखाली आहे, तेव्हा खोल श्वास घेताना किंवा खोकताना कळ येते का तेही विचारा. दुखतं म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, खोकला दाबतो, आणि या वयात त्यातून छातीत कफ साठून बसतो. डोकं आपटलं होतं का, हा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न. खुब्याच्या ऑपरेशननंतर गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करणारं औषध बहुतेकदा काही आठवडे देतात. बाबांना ते चालू असेल किंवा पडले तेव्हा चालू होतं, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यातला रक्तस्राव कधीकधी फार हळू असतो, लक्षणं काही आठवड्यांनीही दिसतात. डोकेदुखी, दिवसा गुंगी, बोलण्यात गोंधळ, एका बाजूचा हात किंवा पाय ढिला पडणं असं काही दिसलं तर वाट पाहायची नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे. "ऐकायला कसं लावू" असं तुम्ही विचारलंय. मला मात्र तुमचं पत्र वाचताना वेगळाच प्रश्न पडला: पडल्याचं सांगितलं असतं, तर बाबांचं काय झालं असतं?

पहिल्यांदा पडले तेव्हा काय झालं, ते तुम्हीच लिहिलंय. मी पेन्सिल घेऊन मोजलं. त्यांचं घर गेलं. किल्ली गेली. न्हाणीघराचं दार गेलं. रात्री मनात येईल तेव्हा उठायची मुभा गेली. खोलीत कुणी बघत नाही हा भरवसा गेला. हाड मोडलं एक, आणि त्यापायी एवढं सगळं हातचं गेलं. ते हाड तर आता जुळूनही आलं असेल. दुसऱ्यांदा ते पडले, वर बघितलं तर नातू उभा. त्या दोन-चार सेकंदांत त्यांनी हिशेब केला असणार की हे बाहेर गेलं तर आता काय काय जाईल. आणि बघा, हिशेब अगदी बरोबर निघाला! गोष्ट फुटली त्याच दिवशी दादांचा "उठूच देऊ नका" आणि बहिणीचा दुसरा कॅमेरा हजर.

म्हणून मला ते खोटारडे वाटत नाहीत. व्यवहारी वाटतात. आणि ते काही जगावेगळं वागले नाहीत. पासष्टीच्या पुढच्या दर तीन माणसांतला साधारण एक जण वर्षातून एकदा तरी पडतो, आणि पडणाऱ्यांतले निम्मेसुद्धा ते डॉक्टरांना सांगत नाहीत. लाज असते, "पोरांना ताप नको" असतं, पण सगळ्यांत मोठी भीती ही, की आता आपलं आपल्या हातात काही राहणार नाही. पडल्याचं सांगण्याची जोवर अशी शिक्षा आहे, तोवर तुम्हाला कळणार नाही. चार कॅमेरे लावलेत तरी नाही. तुमच्या घरात कॅमेरा होताच की. पहाटे तीन वाजता त्याच्याकडे बघणारं कोण होतं?

मी हे शहाणपण पुस्तकातून सांगत नाही. माझ्या आईचं मनगट मोडलं होतं. सहा आठवडे प्लॅस्टर होतं. मी तिची वेणी घालायचे, जेवणाचं ताट लावायचे, पदर सारखा करायचे. फार मन लावून केलं, आणि मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटून घेतली. प्लॅस्टर निघाल्यावर तिसऱ्या दिवशी बघते तर ती आरशापुढे बसलेली, डाव्या हातात फणी, आणि उजवा हात तसाच मांडीवर ठेवलेला. "अगं, उजव्या हाताने कर की!" तर म्हणाली, "तू रागावशील म्हणून." मी कधी रागावले होते ते मला आठवत नव्हतं. तिला आठवत होतं. प्लॅस्टरच्या दुसऱ्या आठवड्यात तिने भांडं उचललं होतं आणि मी ते तिच्या हातातून हिसकावून घेतलं होतं. प्लॅस्टरमध्ये असताना बोटं, कोपर, खांदा सारखे हलवत राहायचं असतं, नाहीतर हात आखडतो. तेच मी तिला करू दिलं नव्हतं. पुढे महिनाभर व्यायाम करून तो हात मोकळा झाला.

तुमच्या बाबांचंही तेच चाललंय, फक्त मोठ्या प्रमाणावर. "उठूच देऊ नका" हे ऐकायला काळजीचं वाटतं, पण शरीराच्या दृष्टीने तो फार वाईट सल्ला आहे. २००७ साली एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. धडधाकट वयस्क माणसांना १० दिवस अंथरुणाला खिळवून ठेवलं. तेवढ्यात त्यांच्या पायांतला स्नायूंचा भाग सरासरी सुमारे एक किलोने घटला. हे आजारी नसलेल्यांचं. ज्या मांड्यांनी बाबांना पलंगावरून उठवायचं, तोल गेला तर सावरायचं, त्याच मांड्या बसून बसून झिजतात. मग ते खरंच पडतात, आणि दादा म्हणतो, "बघ, मी सांगत होतो!"

दादांना एवढंच विचारा: फिजिओथेरपिस्टने किती चालायला सांगितलंय, आणि आत्ता ते किती चालतात? दोन आकडे आहेत. फोनवर सांगता येतात.

बाबांशी बोलायचं कसं, तर आज लगेच नको. तुमचा राग अजून ताजा आहे. दिवसा, पोटात काहीतरी गेलेलं असताना, त्यांच्या शेजारी बसून बोला, समोर उभं राहून नको. आणि "माझ्यापासून का लपवलंत?" हे वाक्य गिळून टाका. त्याचं खरं उत्तर तुम्हाला माहीत आहे आणि ते देणं त्यांना जमणार नाही. त्यापेक्षा काहीसं असं म्हणा: "बाबा, तुम्ही मागे रात्री पडलात ते मला परवा कळलं. पोराला रागावू नका, त्याच्या तोंडून चुकून निघालं. मी पण रागावलेली नाही. आम्ही तिघांनी तुम्हाला न विचारता बरंच काही ठरवून टाकलं, ते चुकलं. पुढे तुम्ही पडल्याचं मला सांगितलंत, तर मी तुमची एकही गोष्ट काढून घेणार नाही. फक्त कसे पडलात ते मला समजून घ्यायचंय." वाक्यं तुमची तुम्ही करा, पण तो कबुलीचा भाग गाळू नका. आणि दिलेला शब्द पाळायचा. पुढच्या वेळी त्यांनी खरंच सांगितलं आणि तुमच्या तोंडून "बघा, म्हणूनच मी..." एवढं जरी निघालं, तरी दार पुन्हा बंद झालं समजा.

कबूल केल्यावर मग पोलिसासारखं नाही, पण बारकाईने विचारायचं. किती वाजले होते? कशाला उठले होते? दिवा लावला होता? वॉकर कुठे होता? पायात काय होतं? उठल्या उठल्या डोळ्यांपुढे अंधारी आली की चालताना पाय अडकला? झोपताना कुठली गोळी घेतली होती? यातल्या प्रत्येक उत्तरामागे एकेक दुरुस्ती असते, आणि बहुतेक दुरुस्त्या कॅमेऱ्यापेक्षा सोप्या असतात.

माझा अंदाज असा, की ते लघवीला उठले होते. रात्रीची पुष्कळ पडणी याच वाटेवर होतात. आता एक बारीक गोष्ट बघा. त्यांच्या स्वतःच्या घरात पलंगावरून उतरलं की संडास कुठल्या हाताला होता? आणि तुमच्याकडे कुठल्या हाताला आहे? माणूस आपल्या घरात अंधारात डोळ्यांनी चालतच नाही, सवयीने चालतो. किती पावलांवर चौकट, कुठे भिंतीला हात टेकायचा, उंबरा कुठे, हे पायांना पाठ असतं. तुमच्या घरात ते अकरा आठवड्यांचे पाहुणे आहेत. अर्धवट झोपेत उठलेलं शरीर जुन्याच घरात उतरतं आणि भलतीकडे वळतं. पलंग फिरवून बघा. त्यांच्या घरी ज्या बाजूने उतरायचे त्याच बाजूने उतरता येईल असा लावा. पलंगाची उंची अशी हवी की बसल्यावर पावलं जमिनीला पूर्ण टेकतील आणि गुडघे खुब्यापेक्षा वर येणार नाहीत. पलंगापासून संडासापर्यंत जमिनीलगत मंद दिवे रात्रभर चालू राहू देत. वाटेतलं पायपुसणं, वायर, चपलांचा ढीग हलवा. वॉकर पायथ्याशी भिंतीला लावून ठेवू नका, तो बसल्या जागी हाताला लागला पाहिजे. मध्यरात्री वॉकरपर्यंत पोचायला चार पावलं टाकावी लागत असतील, तर पडायला तेवढी पुरेत. आणि पलंगाजवळ लघवीचं भांडं ठेवा. आधी नको म्हणतील. म्हणू देत. "फक्त रात्री बारा ते पाच" असं ठरवा, सकाळी ते कोण रिकामं करणार हेही त्यांच्याशीच ठरवा. नकार पुष्कळदा भांड्याला नसतो, ते मुलीने उचलण्याला असतो.

औषधांची सगळी पाकिटं एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. चिठ्ठी नको, पाकिटंच. झोपेची गोळी, रक्तदाबाची, लघवी जास्त होण्याची, प्रोस्टेटची काही औषधं, सर्दीच्या काही साध्या गोळ्यासुद्धा उठताना तोल घालवू शकतात. कधी औषध बदलावं लागतं, कधी नुसती वेळ बदलली तरी भागतं. लघवीची गोळी संध्याकाळी घेत असतील तर रात्रभर वाऱ्या होणारच. मात्र आपल्या मनाने काही बंद करू नका. रक्तदाब आडवं असताना आणि मग उभं राहिल्यावर एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी मोजायला सांगा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरत असेल, तर उठल्यावर चक्कर का येते ते कळलं. तोवर एक सवय लावा: उठलं की पलंगाच्या काठावर बसायचं, पावलं वरखाली हलवायची, मिनिटभराने उभं राहायचं. चष्मा दोन भिंगांचा असेल तर खाली बघताना जमीन धुरकट दिसते, हेही डोक्यात ठेवा. मोतीबिंदू तपासून किती दिवस झाले?

हाडांचं राहून जातं नेहमी, म्हणून सांगते. खुबा जोडून झाला, पण हाड मुळात इतकं सहज का मोडलं, याची चौकशी पुरुषांच्या बाबतीत फार कमी होते. हाडं ठिसूळ होणं म्हणजे बायकांचं दुखणं, असा समज आहे. हाडांची घनता मोजायची, ड जीवनसत्त्व तपासायचं आणि ठिसूळपणावरचं औषध लागेल का, हे डॉक्टरांना तुम्हीच होऊन विचारा. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी दिली, तर ती उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला त्रास होतो.

न्हाणीघराचं दार. याच्यावर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण तुम्ही ते एका ओळीत उरकलंत. ७८ वर्षांचा माणूस, दार उघडं, आणि बाहेर मुलगी बसलेली. ती पाठमोरी बसते, खरं आहे. तरी पण. तुमच्या पत्रातच आहे की "हल्ली अंघोळीचा कंटाळा करतात, दोन-दोन दिवस टाळतात." कंटाळा नाही तो. दार लावू द्या, कडी मात्र घालायची नाही, किंवा बाहेरूनही उघडता येणारी कडी बसवा. आत पाठीला टेका असलेली, पायांना रबर असलेली खुर्ची, हातात धरायचा शॉवर, खाली न घसरणारी चटई. भिंतीत स्क्रूने पक्के बसवलेले दांडे, एक संडासाजवळ आणि एक अंघोळीच्या जागी. टॉवेलच्या दांडीला धरून उठू नका म्हणून बजावा, ती माणसाचं वजन घ्यायला केलेलीच नसते. चिकटवायचे निर्वात पकडीचे दांडेही नकोत, ओल्या भिंतीवरून ते केव्हा सुटतील सांगता येत नाही. तुम्ही बाहेर थांबा, पण काहीतरी काम करत थांबा, भांडी पुसा, कुणाशी फोनवर बोला. दर मिनिटाला "झालं का?" नको. आणि पाठ चोळायला, पाय पुसायला माणूस लागतच असेल, तर कोण चालेल ते त्यांना विचारा. जावई चालेल, दोन दिवसांनी येणारा मदतनीस चालेल, कदाचित तुम्हीच चालाल. पण विचारलं गेलं, याला मोल असतं.

कॅमेरा काढा. माझं मत एवढं सरळ आहे. त्याच्या जागी बिनतारी घंटा ठेवा, बटण त्यांच्या उशाशी, घंटा तुमच्या खोलीत. कॅमेऱ्याचा मालक बघणारा असतो, घंटेचा मालक वाजवणारा. (बाबांनी स्वतः "कॅमेरा असू दे, मला बरं वाटतं" म्हटलं, तर प्रश्नच मिटला. काही जणांना बरं वाटतं खरंच.)

तुमच्या मुलाबद्दल दोन शब्द. तेरा वर्षांच्या पोराने रात्री एकट्याने मोडक्या खुब्याच्या माणसाला उचललं, आणि मग दोन आठवडे ते पोटात ठेवलं. त्याला बक्षीसही नको आणि रागही नको. त्याला सांगा की आजोबांची गुपितं जरूर ठेव, पण पडणं, लागणं, रक्त, ही गुपितं नसतात, आणि ती सांगणं म्हणजे चहाडी नव्हे. हे आजोबांच्या देखत सांगा. म्हणजे त्यांनाही कळेल की नातवाला पुन्हा या कात्रीत पकडायचं नाही. आणि त्याला उचलण्याची रीत शिकवा. बगलेत हात घालून ओढायचं नाही. आधी दोन मिनिटं तसंच राहू द्यायचं, कुठे दुखतं विचारायचं. फार दुखत असेल, पाय हलवता येत नसेल किंवा डोक्याला लागलं असेल, तर उचलायचंच नाही. पांघरूण घालायचं, मोठ्यांना उठवायचं, रुग्णवाहिका बोलवायची. तसं नसेल तर भक्कम खुर्ची जवळ आणायची आणि आजोबांनी तिचा आधार घेऊन आपल्याच जोरावर उठायचं. ऑपरेशननंतर जमिनीवरून नेमकं कसं उठायचं, कुठल्या कुशीवर वळायचं, हे फिजिओथेरपिस्टकडून बाबांना शिकवून घ्या. व्यायामाच्या कागदावर ते बहुतेकदा नसतं. मागून घ्यावं लागतं.

आता तुमची भावंडं. दादांवर तुम्ही चिडलात, पण मला ते आळशी वाटले नाहीत. दूर असलेल्या माणसाकडे काळजी असते आणि करायला काही नसतं, म्हणून तो हुकूम सोडतो. त्यांना काम द्या. औषधांची यादी, डॉक्टरांच्या वेळा, तपासण्यांचे कागद, रात्रीच्या माणसाचा शोध आणि त्याचा पगार, हे सगळं परगावाहून होतं. आणि एक: दादा रोज तुम्हाला फोन करून "बाबा कसे आहेत?" विचारतात. त्यांना सांगा, बाबांना फोन करा आणि त्यांनाच विचारा. तुम्ही बातमीदार नाही आहात. बहिणीने शनिवार-रविवार दुपारी दोन तास येऊन बसण्यापेक्षा आठवड्यातली एक रात्र घ्यावी. तुम्हाला दुपारची सोबत कमी पडत नाही, रात्र कमी पडते. आणि पुढचं जे काही ठरेल ते बाबांच्या खोलीत, बाबांसमोर, फोन स्पीकरवर ठेवून ठरवा. आधी तिघांनी ठरवून मग त्यांना कळवायचं, ही पद्धत बंद. डोकं ठणठणीत आहे असं तुम्हीच लिहिलंय. विसरभोळेपणा किंवा गोंधळ असता तर मी वेगळा सल्ला दिला असता. शब्दकोडं सोडवणाऱ्याला स्वतःच्या अंघोळीचं ठरवता येतं.

यात सगळंच त्यांच्या मनासारखं करा असं मी म्हणत नाही. स्टुलावर चढणं बंद म्हणजे बंद. त्यात घासाघीस नाही, आणि हे त्यांना तोंडावर सांगा. पण बल्ब गेला तर नातवाला चढवा आणि आजोबांना खाली खुर्चीत बसून हुकूम सोडू द्या. "आधी बटण बंद कर. डावीकडे फिरव. डावीकडे रे!" त्यांच्या हातचं काम गेलं, निदान त्यातली अक्कल तरी त्यांचीच राहू दे.

तुमच्या पत्राच्या तिसऱ्या पानावर एक ओळ खोडलेली आहे. खोडूनही ती वाचता येते. मी ती इथे छापत नाही, तुम्हाला माहीत आहे कुठली. अकरा आठवडे सलग झोप न मिळालेल्या माणसाच्या मनात असली वाक्यं येतात. येतात आणि जातात. त्यावरून तुम्ही कशी मुलगी आहात ते ठरत नाही. ते फक्त एवढंच सांगतं, की रात्रीचा माणूस ठेवायची वेळ झाली. दादांचा चोवीस तासांचा पहारेकरी मी म्हणत नाहीये. आठवड्यातून तीन रात्री, घंटेला उठणारं कुणीतरी. आणि महिन्यातून एकदा दोन दिवस तुम्ही या घराबाहेर झोपा. तेव्हा दादा इथे येऊन राहतील. त्यांना पहाटे तीनची घंटा एकदा ऐकू दे, मग फोनवरचे सल्लेही जरा बदलतील. झोप मिळूनही ते वाक्य पुन्हा पुन्हा येत राहिलं, रडू आवरेना, तर स्वतःसाठी डॉक्टरांकडे जा. बाबांच्या पाकिटांबरोबर आटोपायचं काम नाही ते.

शेवटचा प्रश्न, परत त्यांच्या घरी. खुब्याच्या ऑपरेशननंतर बऱ्याच जणांना सावरायला तीन ते सहा महिने लागतात, काहींना त्याहून जास्त, आणि काहींची चाल पहिल्यासारखी होत नाही. म्हणून तारीख ठरवू नका, कामं ठरवा, आणि ती बाबांबरोबर बसून लिहा. रात्री उठून संडासाला जाऊन परत येणं. त्यांच्या दाराच्या पायऱ्या चढणं-उतरणं (चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी). जमिनीवरून उठणं. साधं जेवण गरम करून घेणं. अडचणीत फोनपर्यंत पोचणं. फिजिओथेरपिस्ट एक सोपी चाचणी घेतात: खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचं, वळून यायचं, बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागली तर पडण्याचा धोका अजून आहे असं धरतात. ही चाचणी दर पंधरा दिवसांनी घ्या आणि आकडा भिंतीवर लावा. शब्दकोडं सोडवणारा माणूस आहे, त्यांना आकड्याशी झुंजायला आवडेल. कामं जमायला लागली की आधी एक दिवस त्यांच्या घरी, मग कुणीतरी सोबत राहून एक रात्र, मग दोन. जाण्याआधी तिथल्या न्हाणीघरातही दांडे बसवून घ्या. सगळं जमेलच असं नाही. नाही जमलं तर ते त्यांनी स्वतः बघितलेलं असेल. तुम्ही सांगितलेलं आणि त्यांनी बघितलेलं, यात फरक आहे.

ते घर त्यांना कधी मिळेल ते मी इथून सांगू शकत नाही. पण किल्ली दादांकडे कशाला? ती याच आठवड्यात मागवून घ्या, आणि बाबांच्या उशाशी, त्या घंटेच्या बटणाशेजारी ठेवा.